फायबरचा हिशेब क्युसेकने मांडा

धरणातून किती क्युसेकने पाणी सोडले, याचा अर्थ नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर निम्मे बोलणे त्याचेच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट साठा. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले, की धरणातला एक टीएमसी कमी होतो. एक माप वाहण्याचे, दुसरे साठ्याचे. इंटरनेटचा हिशेब याहून वेगळा नाही, पण तिथे मात्र भलेभले चकतात.

‘आपल्या ग्रामपंचायतीत शंभर एमबीचं कनेक्शन आलंय,’ असे कोणी सांगितले, की पोरे म्हणतात, ‘मग शंभर एमबीची फाइल एका सेकंदात उतरायला पाहिजे!’ ती उतरत नाही आणि शिव्या ऑपरेटरला बसतात. गोम अशी, की तारेचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभर मेगाबिटला आठाने भागा, हाती येतात सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तेही सगळे सुरळीत असेल तर. इंग्रजीत बिटचा ‘बी’ लहान आणि बाइटचा मोठा काढतात. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षरच नाही, त्यामुळे दोघांनाही ‘एमबी’ म्हणून मोकळे होतो. आठपटीचा घोळ होतो तो इथेच.

आता जुने दिवस आठवा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग होता ९.६ किलोबिट. तार ओढलेली माणसाच्या बोलण्यासाठी. तिच्यातून आकडे न्यायचे तर आधी त्यांचा आवाज करावा लागे. ते काम मोडेमचे. फोन लागताना जी किर्र-खर्र ऐकू यायची, ती दोन मोडेमची आपसातली बोलणी. १९९८ च्या सुमारास ५६ किलोबिटचा मोडेम आला. पण ५६ हा आकडा डब्यावरचा आणि तोही फक्त फाइल उतरवून घेताना. आपल्याकडून पाठवताना ३३.६ च्या वर जाता येत नसे. वस्ती एक्स्चेंजपासून लांब, तार सांध्यासांध्यांची, त्यात पाऊस, म्हणजे आणखी कमी.

एक मेगाबाइटची फाइल धरू. सातबारा, दाखला, फोटो असे अर्जाला जोडायचे कागद स्कॅन केले तर सहज एवढी भरते. तिचे बिट होतात ऐंशी लाख. ती उतरवून घ्यायला ९.६ च्या मोडेमला चौदा मिनिटे, ५६ च्या मोडेमला अडीच मिनिटांच्या आत-बाहेर. शंभर मेगाबिटच्या फायबरला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. फायबरमध्ये आवाजाची भानगड नाही, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतो. भागाकार केला तर एका फायबरमध्ये ५६ चे जवळपास अठराशे मोडेम बसतात. शाळा, दवाखाना, सेवा केंद्र धरून पन्नास जणांनी ते एकाच वेळी वापरले, तरी वाट्याला दोन-दोन मेगाबिट येतात. म्हणजे दर माणशी पस्तीस मोडेम.

मग शेतकऱ्याचे काम एवढ्याने भागले का? इथे वारणेचा दाखला घ्यावा लागतो. वारणानगरच्या सहकारी संकुलाने १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि तो चालला. उसाचे वजन किती, तोडीची परवानगी निघाली का, खत किती उचलले, एवढेच तर विचारायचे असते. एसएमएसमध्ये मावतात ११२० बिट. ९.६ च्या रडक्या मोडेमलाही त्याला सेकंदाचा आठवा हिस्सा पुरतो!

म्हणून वेगाच्या आकड्याइतकेच लाइन दिवसातून किती तास जिवंत असते, हेही विचारा. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ झालेली योजना ग्रामपंचायतीला शंभर मेगाबिट द्यायचे म्हणते. पण रस्त्याच्या खोदाईत जेसीबीचा दात केबलला लागला, की त्या शंभराचा भोपळा होतो. अर्जाची शेवटची तारीख काही तार जोडेपर्यंत थांबत नाही.

वेग तपासायला मोठे यंत्र नको. दहा मेगाबाइटची फाइल उतरवायला लावा आणि मनगटावरच्या घड्याळात बघा. आठ सेकंद लागले, तर ऐंशी भागिले आठ, म्हणजे दहा मेगाबिट मिळतात. सकाळी एकदा बघा, केंद्रात गर्दी असताना एकदा बघा, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ग्रामसभेला घेऊन जा.