अर्भकांतील श्वसनरोगप्रतिबंधक अंतःक्षेपणे

एक वर्षाखालील बालकांना फुप्फुसशोथ, श्वसनिकाशोथ (फुप्फुसातील अतिसूक्ष्म श्वासनलिकांची दाहयुक्त सूज), डांग्या खोकला इ. गंभीर विकार होऊ नयेत म्हणून स्नायूत टोचावयाच्या लसी व तयार प्रतिपिंडे यांचा या संज्ञेत समावेश होतो. प्रतिपिंडे म्हणजे रोगकारकास निष्प्रभ करणारी रक्तातील विशिष्ट प्रथिने होत.

अर्भकाच्या श्वसनिका इतक्या अरुंद असतात की, त्यांच्या आतील स्तरास थोडी सूज आली व श्लेष्मा साचला तरी हवेचा मार्ग बराच कमी होतो. श्वास जलद होतो, बरगड्यांखालील भाग आत ओढला जातो व स्तनपान थांबते. ‘पोट उडणे’ किंवा ‘डबा’ या नावांनी लोकव्यवहारात ओळखली जाणारी अवस्था पुष्कळदा हीच असते. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० वा त्याहून अधिक आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा त्याहून अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानतात.

सक्रिय प्रतिरक्षा : लस टोचल्यावर बालकाचे शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते. न्यूमोकॉकस व हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी-बी या सूक्ष्मजंतूंभोवती बहुशर्करेचे कवच असते. दोन वर्षांखालील बालकाचे प्रतिरक्षा तंत्र केवळ या बहुशर्करेस पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून ती वाहक प्रथिनास जोडून संयुग्मित लसी तयार करण्यात आल्या. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, यकृतशोथ-बी व हीमोफायलस या पाचांविरुद्ध असून ती ६, १० व १४ आठवड्यांच्या वयास डाव्या मांडीत देतात. तिचा वापर डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूत सुरू झाला. न्यूमोकॉकस लस ६ व १४ आठवड्यांस व वर्धक मात्रा ९ महिन्यांस उजव्या मांडीत देतात. ती २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांविरुद्धची अशी लस तयार केली असून जागतिक आरोग्य संघटनेने ती २०१९ मध्ये पूर्वमान्य केली.

अक्रिय प्रतिरक्षा : वरील लसी श्वसनिकाशोथाचे प्रमुख कारण असलेल्या आर.एस.व्ही. या व्हायरसावर चालत नाहीत. या व्हायरसामुळे २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सु. १ लाख बालके दगावली असा अंदाज असून त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. सर्वाधिक धोका पहिल्या सहा महिन्यांत असतो. लसीच्या मात्रा पूर्ण होऊन शरीर सज्ज होण्याआधीच तो येऊन ठेपतो. शिवाय या व्हायरसाविरुद्धच्या पहिल्या लसीचा अनुभव अनिष्ट ठरला. अमेरिकेत १९६६ मध्ये फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस अर्भकांना देण्यात आली. पुढे नैसर्गिक संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्या संसर्गित बालकांपैकी सु. ८० टक्के, तर तुलनेच्या गटातील सु. ५ टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. लस घेतलेली दोन बालके दगावली. या घटनेनंतर संशोधन दीर्घकाळ सावधपणे चालले.

त्यामुळे तयार प्रतिपिंडे टोचण्याचा मार्ग पुढे आला. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅलिव्हिझुमॅब हे प्रतिपिंड दर किग्रॅ. वजनास १५ मिग्रॅ. या प्रमाणात साथीच्या हंगामात दरमहा टोचावे लागते. त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सु. निम्म्याने घटले, परंतु किंमत फार असल्याने त्याचा वापर मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदय वा फुप्फुस यांचे विकार असलेल्या बालकांपुरता राहिला. व्हायरसावरील एफ प्रथिनाची कोशिकेत शिरण्यापूर्वीची रचना २०१३ मध्ये उलगडली आणि अधिक प्रभावी प्रतिपिंडे व लसी यांचा मार्ग मोकळा झाला. नर्सेव्हिमॅब (यूरोप २०२२, अमेरिका २०२३) हे रक्तात दीर्घकाळ टिकेल असे घडविलेले प्रतिपिंड असून पाच किग्रॅ.हून कमी वजनास ५० मिग्रॅ. व त्याहून अधिक वजनास १०० मिग्रॅ. अशी एकच मात्रा निदान पाच महिने पुरते. गर्भवतीस लस देऊन तिची प्रतिपिंडे वारेतून गर्भास पोहोचविणे, हा दुसरा उपाय २०२३ पासून उपलब्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या दोन्ही उपायांची शिफारस केली. भारताच्या सार्वत्रिक कार्यक्रमात मात्र त्या वर्षापर्यंत त्यांचा अंतर्भाव झालेला नव्हता.

अमरावती जिल्ह्यातील अनुभव : या जिल्ह्यात २०१६–१८ दरम्यान मेळघाटातील दोन वर्षांखालील बालकांची गावोगावी पाहणी करण्यात आली. डॉ. आशिष सातव यांच्या महान या संस्थेच्या या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. आर.एस.व्ही. हे ग्रामीण बालकांतील गंभीर श्वसनविकारांचे व मृत्यूंचे महत्त्वाचे कारण असल्याचे तीतून दिसून आले. केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबल्यास घरी दगावणारी बालके गणनेतून सुटतात, म्हणून अशा पाहणीचे मोल अधिक आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी प्रतिजैविके देऊन फुप्फुसशोथाचे मृत्यू सु. ५४ टक्क्यांनी कमी केल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु प्रतिजैविके सूक्ष्मजंतूंवर चालतात, व्हायरसांवर नाही. ही उणीव प्रतिपिंडांनी भरून निघू शकते. ती उपलब्ध होईपर्यंत याच जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले संत्र्यांच्या बागांचे शेंदूरजनाघाट असो वा मेळघाटातील पाडा असो, अर्भकाचे संरक्षण विनामूल्य मिळणाऱ्या पंचगुणी व न्यूमोकॉकस लसींच्या मात्रा वेळेवर पडण्यावर, तसेच स्तनपान व धूरमुक्त घर यांवर अवलंबून राहते.

दक्षता : टोचल्यानंतर किंचित ताप वा टोचल्या जागी दुखरेपणा येतो, तो एकदोन दिवसांत ओसरतो. साध्या सर्दीमुळे मात्रा पुढे ढकलण्याचे कारण नाही. पूर्वीच्या मात्रेनंतर तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) झाली असल्यास तीच लस पुन्हा देत नाहीत. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत १४ आठवड्यांची मात्रा चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी मात्रांची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड दाखवून राहिलेली मात्रा दुसऱ्या गावच्या लसीकरण सत्रातही घेता येते. मात्र या लसींची पहिली मात्रा एक वर्षाच्या आत पडणे आवश्यक असते.