विजेची मोटार कोठें भरावी ?

विजेची मोटार घेऊं इच्छिणारा शेतकरी प्रथम विचारतो तें हें, कीं वाटेंत चार्जिंगचीं स्थानकें किती आहेत. प्रश्न रास्त आहे, परंतु पहिला नव्हे. पेट्रोलची गाडी पंपावर नेऊन भरावी लागते. विजेची गाडी जेथें रात्रभर उभी असते तेथेंच बहुतेक भरली जाते. म्हणून आधीं आपल्या घरची वीज तपासावी.

15 अँपिअरच्या घरगुती सॉकेटमधून तासाला सुमारें 3 युनिट वीज गाडींत जाते. 30 युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असल्यास दहा तास लागतील. हें ऐकून पुष्कळजण बिचकतात. पण लहान मोटार एका युनिटांत साधारण 6 ते 7 किलोमीटर चालते. तालुक्यास जाऊन येण्यांत 60 किलोमीटर पडले, तरी खर्चलेली वीज तीन-साडेतीन तासांत भरून येते. मात्र हा भार तासन् तास सारखा चालतो, त्यामुळें जुनी अथवा तात्पुरती जोडलेली वायर तापून जळण्याचें भय असतें. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एम.सी.बी. व उत्तम अर्थिंग हवेंच. मंजूर भार अपुरा असल्यास तो आधींच वाढवून घ्यावा.

विहिरीवरील पंपाच्या जोडणीवर गाडी भरण्याचा मोह कित्येकांस होतो. ती वीज सवलतीच्या दरानें शेतीसाठींच दिलेली असते. 2003 च्या विद्युत् कायद्याच्या 126 व्या कलमान्वयें असा वापर अनधिकृत ठरून दुप्पट दरानें आकारणी होऊं शकते. शिवाय तेथें वीज पाळीनें येते, तेव्हां पहांटेपर्यंत गाडी भरेल याचा भरंवसा नाहीं तो नाहींच.

लांबच्या प्रवासांत मात्र स्थानकावांचून गत्यंतर नाहीं. अशीं स्थानकें चालविण्यास वीजविक्रीचा परवाना नको, असें केंद्र सरकारनें 2018 सालीं स्पष्ट केलें, व महामार्गांवर दर 25 किलोमीटरांस एक स्थानक असावें असेंही त्याच वर्षीं ठरविलें. तेथील जलद यंत्र कितीही मोठें असलें तरी गाडी आपल्या शक्तीपुरतीच वीज घेते. रांजण काठाशीं आला कीं आपण धार बारीक करतों. तशी बॅटरी 80 टक्क्यांच्या आसपास आली कीं गाडी आपण होऊन वीज कमी घेऊं लागते, आणि शेवटचा हिस्सा फार वेळ खातो. जाणते चालक तेथेंच प्लग काढून पुढें निघतात. शेत भिजल्यावरही पाटाचें पाणी अडवून धरणाऱ्यास शेजारी काय म्हणतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको; गाडी भरल्यावर जागा अडवून चहा पीत बसणाऱ्याची गोष्ट तीच.

निघण्यापूर्वीं यंत्र चालू आहे कीं नाहीं व त्याचा प्लग आपल्या गाडीस लागतो कीं नाहीं, हें फोनवर पाहावें. आणि तें ऐन वेळीं बंद निघालें तर पुढचें स्थानक गांठतां येईल इतकी वीज बॅटरींत राखावी.