पायाखालची जमीन

"फरशी कशी, आरशासारखी पाहिजे. वाकून केस विंचरता आले पाहिजेत!" टेबलावरच्या गुळगुळीत टाईलच्या तुकड्यावरून हात फिरवत कार्याध्यक्षांनी फर्मावलं आणि सभेतली मंडळी मोकळेपणानं हसली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव तालुक्याचं, शाळा मराठी माध्यमाची, अमृतमहोत्सव जवळ आलेला. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून खेळांसाठी एक बंदिस्त सभागृह बांधायचं ठरवलं होतं आणि वास्तुरचनाकार म्हणून मला बोलावलं होतं. त्या हसण्यात मी काही सामील होऊ शकलो नाही. अशी एक आरशासारखी फरशी मी एकदा घालून बसलो आहे.

१९९४ सालची ती. व्यवसायात पडून मला पाच-सहा वर्षं झाली असतील. एका शाळेच्या हॉलचं काम मिळालं. खेळ, स्नेहसंमेलन, परीक्षा आणि उन्हाळ्यात भाड्यानं लग्नं, असं सगळं एकाच छपराखाली व्हायचं होतं. मी पॉलिश केलेला कोटा सुचवला, मधून मधून काळ्या ग्रॅनाईटच्या पट्ट्या. पुसायला सोपा, दिसायला श्रीमंत. उद्घाटनाच्या भाषणात पाहुण्यांनी फरशीचा खास उल्लेख केला होता. त्या बातमीचं कात्रण मी पुढे कित्येक दिवस पाकिटात बाळगत असे.

पुढच्या पावसाळ्यात मैदानात चिखल झाला म्हणून व्हॉलीबॉलच्या मुलींचा सराव हॉलमध्ये सुरू झाला. नववीतली एक उंच, चपळ मुलगी जाळ्यापाशी ब्लॉकसाठी उडाली आणि खाली आली ती दमट, घामानं ओल्या झालेल्या फरशीवर. पाय सरकला, गुडघा आत वळला, लिगामेंट तुटलं. ती पुन्हा खेळली नाही. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी मला चहा दिला. हॉल कुणी बांधला हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

लाजेची गोष्ट अशी, की हे मला तरी कळायला हवं होतं. माझं लहानपण कोल्हापुरात, तालमीच्या गल्लीत गेलेलं. हौद्यातली तांबडी माती म्हणजे नुसती माती नव्हे. ती चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवायचं आणि रोज पहाटे खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करायची. नव्या पोराला वस्ताद डाव शिकवत नसत. महिनाभर माती उकरायला लावत. शाळेतल्या कबड्डीच्या मैदानावरही सर आम्हाला आधी ओळीनं बसवून खडे वेचायला लावायचे, मग पाणी मारायचं, मग खेळ. माणूस कशावर पडणार आहे, याचा विचार आमच्या गावात मुरलेला होता. मी तो शिकून-सवरून विसरलो.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचून काढलं. उडी मारून खाली येणारं शरीर आपल्या वजनाइतकाच भार जमिनीवर टाकत नाही. साधं धावतानासुद्धा दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट दणका बसतो. काँक्रीट तो जसाच्या तसा परत करतं, आणि मग घोटा, नडगी, गुडघा, कंबर यांनी तो आपापसात वाटून घ्यायचा. चांगली फरशी त्यातला काही भाग स्वतः पोटात घालते. किती, ते मोजायचं यंत्र आहे. वीस किलोचं वजन साडेपाच सेंटिमीटरवरून एका स्प्रिंगवर सोडतात आणि काँक्रीटशी तुलना करतात. जर्मनीच्या जुन्या नियमात हा दणका निदान ५३ टक्के कमी व्हावा लागे. २००६ च्या युरोपीय मानकानं किमान मर्यादा २५ टक्के ठेवली. पण त्याच मानकात असंही आहे, की बास्केटबॉल काँक्रीटवर जेवढा उसळेल त्याच्या निदान ९० टक्के या फरशीवर उसळला पाहिजे. खरी मेख इथे आहे. गादी घातली तर गुडघा वाचेल, पण चेंडू मरेल. पकडीचंही तसंच. पाय घसरता कामा नये हे सगळ्यांना कळतं. तो चिकटूनही बसता कामा नये हे फार थोड्यांना. बूट जागीच रुतला आणि शरीर वळलं, की पिळवटतो तो गुडघाच.

लाकडी फरशी हे सगळं कसं जमवते, ते पाहण्यासारखं असतं. खाली काँक्रीटचा कोबा, त्यावर ओल अडवणारा जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर रबराचे ठोकळे, त्यांवर लाकडी पट्ट्या किंवा प्लायचे आडवे-उभे थर आणि सर्वांत वर जेमतेम वीस-बावीस मिलिमीटर जाडीचं लाकूड. अमेरिकेत ते मेपलचं असतं, आपल्या जुन्या जिमखान्यांत सागाचं. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन आडवं फुगतं, म्हणून चारही भिंतींशी बोटभर फट सोडायची. आपल्या सुताराला ही फट म्हणजे कामातली चूक वाटते आणि तो ती इमानेइतबारे बुजवून टाकतो. मग जुलैत फरशीला उंटाची मदार येते.

"ते सगळं ठीक, पण दिसणार कसं?" कार्याध्यक्षांनी विचारलं. प्रश्न रास्त होता; शाळेतली चार चांगली वर्षं मुलं ज्या खोलीत घालवणार, ती देखणी का नसावी? त्यांना मी बोस्टनची गोष्ट सांगितली. १९४६ साली तिथे बास्केटबॉलची फरशी करायची, तर युद्धामुळे लांब लाकूड मिळेना. ओकचे आखूड तुकडे आडवे-उभे चौकटीत बसवून काम भागवलं. ती मूळ फरशी १९९९ साली निवृत्त झाली, तरी सेल्टिक्स संघ खेळतो तो त्याच चौकटींवर. टंचाईची ती खूण आता त्यांचं भूषण आहे. मिलवॉकीनं तर १९७७ साली रॉबर्ट इंडियाना या चित्रकाराकडून आख्खी फरशी पिवळ्याधमक रंगात रंगवून घेतली. आणि २०२३ साली माद्रिदमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा काचेच्या फरशीवर झाली. काचेखाली दिवे, खेळ बदलला की रेषा बदलतात.

आपल्याला दिवे नकोत, पण रेषांचा धडा घ्यायला हरकत नाही. शाळा एकाच हॉलमध्ये बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, कबड्डी सगळं आखून घेते आणि जमिनीवर लोकरीचा गुंता होतो. आम्ही दोनच खेळ कायमचे आखले, बाकीचे चिकटपट्टीवर. रंग मातकट आणि फिका, चकाकी मुद्दाम मारलेली. मधोमध शाळेचं बोधचिन्ह हवं, असा आग्रह झाला, मग एका जुन्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, त्यात सरस्वती आहे. पोरं तिच्यावर पाय देणार?" बोधचिन्ह भिंतीवर गेलं.

लाकडाचा खर्च टाईलच्या कितीतरी पट. दर्शनी कमान आणि व्यासपीठाचा संगमरवर रद्द केला तेव्हा तो बसला. ज्या शाळांकडे एवढे पैसे नाहीत त्यांना मी एकच विनवतो, की निदान आहे ती माती झाकू नका. गावोगावी शाळांची पटांगणं पेव्हर ब्लॉकनं मढवली जात आहेत. चिखल होत नाही, फोटो छान येतो, आणि पोरांचे गुडघे सोलवटून निघतात. २०१४ साली प्रो कबड्डी आल्यावर मॅटची हौसही आली. पण गुळगुळीत टाईलवर सुट्या मॅट अंथरल्या, की चढाईच्या ऐन क्षणी मॅटच खेळाडूला घेऊन निघते!

गेल्या वर्षी ऑगस्टात मी मुद्दाम त्या शाळेत जाऊन आलो. भिंतीशी सोडलेली फट निम्म्याहून अधिक भरली होती, पण फरशी सपाट होती. व्हॉलीबॉलचा सराव चालू होता. मुली उडत होत्या, खाली येत होत्या, आणि दर वेळी येणारा तो खोल, लाकडी 'धप्प' मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. कोपऱ्यात शाळेचे शिपाईमामा लोखंडी खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणं बसवत होते. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पालकसभा होती. चारशे खुर्च्या, सोळाशे टोपणं.

"सगळी बसली का?" मी विचारलं.

"एक कमी पडलं, साहेब," मामा म्हणाले, "ती खुर्ची बाहेर ठेवलीय."