मॉरिशसमधले लग्न आणि कायद्याची नोंद

परदेशातील समुद्रकिनाऱ्यावर लग्न करायचे ठरले की चर्चा हॉटेल, विमानभाडे आणि पाहुण्यांच्या यादीपासून सुरू होते. खरे तर पहिला निर्णय वेगळाच असतो: हा विवाह कायद्याने कोणत्या देशात लागणार? महाराष्ट्रातून मॉरिशसला जाणाऱ्या जोडप्यापुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग मॉरिशसच्या कायद्याने लग्न करण्याचा. तिथला दिवाणी कायदा फ्रेंच संहितेवर बेतलेला आहे. परदेशी जोडप्याला आपण त्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते पंतप्रधानांच्या अधिकारात दिले जाते आणि त्यासाठीचा अर्ज पोर्ट लुई येथील नागरी नोंदणी कार्यालयात करायचा असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि जन्मदाखला लागतो. आधीचे लग्न झाले असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्युदाखला लागतो. अडचण येते ती बहुधा जन्मदाखल्यापाशी. जुन्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, किंवा ते पासपोर्टशी जुळत नाही. ही दुरुस्ती महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून वेळेत करून घ्यावी, कारण त्यानंतर मराठी दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणन) यांतही दिवस जातात.

नोंदणी करताना आणखी एक प्रश्न येतो. नवराबायकोची मालमत्ता सामाईक राहणार की वेगळी? भारतात गोव्याबाहेर हा प्रश्न जोडप्यांना सहसा कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर वकिलाच्या सल्ल्याने घरीच ठरवून जावे. विवाह झाल्यावर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल घ्यावा. शिवाय 1969 च्या विदेशी विवाह कायद्याच्या कलम 17 नुसार अशा विवाहाची नोंद भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे करता येते. त्याच कायद्याखाली थेट त्या अधिकाऱ्यासमोरही लग्न लागू शकते, पण त्यासाठी दोघांपैकी एकाचे तिथे आधी तीस दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीनंतरही थांबावे लागते. आठवड्याभरासाठी आलेल्यांना ते जमणारे नाही.

दुसरा मार्ग सोपा आहे: भारतात विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न करून मॉरिशसला फक्त सोहळा करायचा. इथेही तीस दिवसांची नोटीस असते, पण ती घरच्या जिल्ह्यात. काही जोडपी याऐवजी हिंदू विवाह कायद्याखाली आधीच नुसती नोंदणी उरकतात. हे धोक्याचे आहे. विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह कायद्यात मात्र अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दिलेली संमती हाच विवाह असतो. बहुतेक जोडप्यांसाठी हाच मार्ग योग्य.

तारखेचा पेच मराठी घरांना विशेष जाणवतो. मॉरिशसमध्ये वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका आपला लग्नसराईचा मोठा भाग. हवा कोरडी आणि थंड होते तोवर इकडे चातुर्मास लागतो. दोन्ही टाळायचे, तर मे आणि जूनचा काही भाग उरतो. मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते आणि सूर्योदयही वेगळा. त्यामुळे मुहूर्त पुण्याच्या पंचांगावरून उतरवून न घेता गुरुजींकडून स्थानिक वेळेनुसार काढून घ्यावा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या कुटुंबांमुळे या बेटावर मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी पद्धतीच्या विधींसाठी आधी तिथल्या मराठी मंडळींकडे चौकशी करावी.

हॉटेलला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदपत्रांची चालू यादी नागरी नोंदणी कार्यालयाकडून लेखी मागवून घ्या. नियम बदलतात, आणि आयोजकाने तोंडी दिलेली हमी कोणत्याही सरकारी कचेरीत चालत नाही.