टपावरचं टेबल



जर्मनीतलं बाड हॉम्बुर्ग हे टाउनुस डोंगराच्या पायथ्याचं, औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. हिब्रू साहित्यिक शमुएल योसेफ अग्नोन इथेच राहत होते. १९२४ साली त्यांच्या घराला आग लागली आणि ग्रंथ, हस्तलिखितं जळून गेली. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त या गावी असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो.

त्याने फ्रँकफुर्टमध्ये एक जुनं, भक्कम जेवणाचं टेबल विकत घेतलं. वाट वीसेक किलोमीटरची, पण टेम्पोचं भाडं टेबलाच्या किमतीएवढं! आम्ही म्हटलं, "अरे, टाक गाडीच्या टपावर. मुंबईला काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या कॅरिअरवरून गाद्या, ट्रंका, पाळणे सगळं नेलंय आपण. सुंभाची दोरी आण, आम्ही बांधतो."

भाचा म्हणाला, "मामा, नियम बघूया आधी." त्याची नऊ वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, "आजोबा, दोरी तुटली तर टेबल कुणावर पडेल?"

आम्ही गप्प झालो. त्या रात्री भाच्याने नियम वाचून दाखवले.

टपावर सामान न्यायला जर्मनीत बंदी नाही. पण वाहतूक नियमावलीचं २२ वं कलम सांगतं की, गाडीला करकचून ब्रेक लावला किंवा ती एकदम वळवली, तरी सामान सरकता, कलंडता, पडता कामा नये. गाडी आणि सामान मिळून रुंदी २.५५ मीटर आणि उंची ४ मीटरपेक्षा जास्त नको. साध्या मोटारीवरचं सामान पुढे बाहेर येऊ द्यायचं नाही. मागे दीड मीटरपर्यंत चालतं, आणि प्रवास १०० किलोमीटरच्या आतला असेल तर ३ मीटरपर्यंत. मात्र मागच्या लाल परावर्तकांपासून एक मीटरहून जास्त बाहेर आलं, तर निदान ३० सेंटिमीटर लांब-रुंद लाल निशाण हवं. अंधारात लाल दिवा हवा.

चालक जबाबदार असतोच, पण सामान लादणाराही सुटत नाही. म्हणजे गाठ मारणारे आम्हीसुद्धा!

जोराच्या ब्रेकला सामान आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे झेपावतं, असा तिथे हिशेब धरतात. ४० किलोच्या टेबलाचा जोर ३२ किलोएवढा. शिवाय सपाट फळीखाली वारा शिरून ती वर उचलली जाते. तिथे सुंभाची दोरी काय पुरणार?

गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा ५० किलो होती, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. म्हणून टेबलाचे पाय काढून गाडीत ठेवले. फक्त फळी वर चढवली. शेजाऱ्यांनी खटक्याने ताणून घट्ट करायचे पट्टे दिले. दोन पट्टे आडवे, एक पुढून ओढून बांधला. हायवे सोडून गावातल्या रस्त्याने हळूहळू निघालो. पाच किलोमीटरवर थांबून पाहिलं, तर एक पट्टा सैल झाला होता! तो पुन्हा ताणला. टेबल सुखरूप घरी आलं.

मुंबईत आमच्या डोक्यावरून कधी काही पडलं नाही, याला आम्ही आमची हुशारी समजत होतो. ते नशीब होतं.

तेव्हा मंडळी, तुम्ही कुठल्याही देशात असा, टपावर सामान चढवण्याआधी तिथला नियम विचारा आणि गाडीची पुस्तिका उघडून मर्यादा पाहा. मुलांनो, मोठी माणसं दोरी घेऊन आली की तुम्ही तोच प्रश्न विचारा: "तुटली तर कुणावर पडेल?" उत्तर मिळेपर्यंत गाडी हलू देऊ नका.