कायरोप्रॅक्टिक : अपेक्षा किती ठेवाव्यात?

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या आणि संध्याकाळी खड्डे चुकवत दुचाकीवरून घरी परतणाऱ्या शहरी माणसाला कंबरदुखी नवी नाही. मलम, शेक, वेदनाशामक गोळ्या असे सारे करून झाले की ‘कायरोप्रॅक्टर’कडे जावे का, हा प्रश्न निघतो. मणक्याला झटका बसताच येणारा ‘कट्’ असा आवाज आणि पाठोपाठ हसत उठणारा रुग्ण, अशा चित्रफितींनी या उपचाराचे आकर्षण बरेच वाढवले आहे.

अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे डॅनिएल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये ही पद्धती सुरू केली. मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि बहुतेक रोगांचे मूळ तेथेच असते, अशी त्यांची धारणा होती. या धारणेला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. ब्रिटनमधील या व्यवसायाच्या नियामक परिषदेनेही २०१० मध्ये तसे स्पष्ट केले. त्यामुळे मणके ‘बसवून’ दमा किंवा मधुमेह बरा करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून उठून यावे हेच उत्तम.

पहिल्या भेटीत दुखण्याचा इतिहास विचारला जाणे, हालचाली, पायांतील ताकद व संवेदना तपासली जाणे अपेक्षित आहे. ही तपासणी न करता थेट झटके देणाऱ्याकडे पाठ सोपवू नये. प्रत्येकाला एक्स-रेची गरज नसते. नंतर रुग्णाला टेबलावर पालथे वा कुशीवर झोपवून सांध्यावर जलद, पण थोड्याच अंतराचा दाब दिला जातो. त्या वेळी येणारा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. बोटे मोडताना येतो तसाच तो सांध्यातील द्रवात निर्माण होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला, असेही नाही.

मग उपयोग कशात? प्रामुख्याने कंबरदुखीत, आणि तोही माफक. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालीश, व्यायाम यांच्या बरोबरीने या उपचाराला स्थान आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने मात्र २०१६ मध्ये व्यायामाची जोड असेल तरच तो करावा, असे सांगितले. थोडक्यात, नियमित व्यायामाहून तो सरस ठरलेला नाही. शिवाय नव्याने उद्भवलेली बहुतांश कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय अर्थातच शेवटच्या उपचाराला मिळते!

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे सामान्य आहे. खरी चिंता मानेची. मानेला जोराचा हिसका दिल्यास मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतील अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हा प्रकार विरळा असला तरी परिणाम कायमचा असू शकतो. केशकर्तनालयात हौसेने मान मोडून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. अचानक उद्भवलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, तर मानेला हात लावू न देता आधी डॉक्टरांना दाखवावे.

हाडांचा ठिसूळपणा, पूर्वी झालेला कर्करोग, रक्त पातळ करणारी औषधे यांचा उल्लेख रुग्णाने न विचारताही करावा. ताप व वजन घटण्यासोबतची पाठदुखी भारतात मणक्याच्या क्षयाचीही असू शकते. जांघेत बधिरता किंवा लघवी अडणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अमेरिका व ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरला कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे. भारतात या व्यवसायासाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून भिंतीवरील प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि अभ्यासक्रम किती वर्षांचा, हे विचारण्यात संकोच नसावा. काही आठवड्यांचा वर्ग आणि चार-पाच वर्षांचे शिक्षण या दोहोंची पाटी दारावर सारखीच दिसते. वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागितले गेल्यास नकार द्यावा. चार-सहा भेटींत फरक जाणवला नाही, तर निदानाचाच फेरविचार करण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.