पन्ना किती आहे?

एप्रिलची सकाळ. अजून अकरा वाजायचेत, तरी शर्ट पाठीला चिकटलेला. क्रॉफर्ड मार्केटचा सिग्नल सुटतो आणि गर्दी एकदम रस्त्यात उतरते. मागे १८६९ सालची दगडी मंडई, पुढे हातगाड्या, मधून वाट काढणारे हमाल. ‘साइड, साइड’ ऐकू आलं की अंग चोरायचं. जुम्मा मशिदीच्या बाजूची गल्ली धरली की थोड्याच वेळात नव्या कापडाचा वास येतो. खळीचा आणि किंचित रंगाचा. मंगलदास मार्केट आलं.

आत ऊन नाही, पण उकाडा जास्त. वर छप्पर, खाली दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्या गल्ल्या. पंखे गरगरतात, वारा दुसऱ्याच कुणाला लागतो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत तागे. ‘आओ बेन, कॉटन बघा, ताई, नुसतं बघा!’ गुजराती, हिंदी, मराठी एकाच दमात.

पहिल्या मोठ्या काउंटरवर मायलेकी. मुलीला नोकरी लागलीय, उन्हाळ्यापुरते चार कुर्ते शिवायचेत. तिची बोटं रेयॉनवर थांबतात. ‘आई, बघ ना, कसं छान पडतंय.’ पडतंय खरं. आई काही बोलत नाही, ताग्याचं टोक मुठीत घट्ट दाबते आणि सोडते. मग शेजारची मलमल तशीच दाबते. मलमलीवर सुरकुत्यांचं जाळं उरतं. तिसरं कापड ‘प्युअर कॉटन’ म्हणून पुढे आलेलं. ते मुठीतून सुटतं ते इस्त्री केल्यासारखं. आई ते बाजूला सारते. ‘मिक्स आहे.’ दुकानदार वाद घालत नाही.

सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहणाऱ्याला हे आकड्यांशिवाय कळतं. रेयॉन घाम पितं, पण ओलं झालं की अंगाला बिलगतं. शंका असेल तर कडेची चिंधी मागून घ्यायची आणि घरी काडी लावून बघायची. सूत कागदासारखं जळतं, राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक मणी उरतो. दुकानात कुणी काडी ओढू देत नाही. एवढ्या कापडात तेच शहाणपणाचं.

पुढच्या गल्लीत भावावरून घासाघीस. एका दुकानात कॅम्ब्रिक १४० रुपये मीटर. समोर तसंच १६०. गिऱ्हाइकं १४०वाल्याकडे वळतात. एक काकू मात्र जागच्या हलत नाहीत.

‘पन्ना किती?’

‘छत्तीस.’

‘आणि तुमचा हो?’

‘चव्वेचाळीस.’

पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, इंचांत. काकूंचा हिशेब तोंडी. छत्तीसच्या पन्न्यात त्यांच्या मापाचा कुर्ता तीन मीटर खातो, ४२० रुपये. चव्वेचाळीसमध्ये अडीच मीटरात होतो, ४०० रुपये. त्या १६०वाल्याकडे बसतात आणि वर दहा सेंटिमीटर जास्त फाडायला सांगतात. सुती कापड पहिल्या पाण्यात तीन ते पाच टक्के आटतं. ते आधी भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्यायचं. न भिजवता शिवलं की महिन्याभरात बाही मनगटावरून वर सरकते आणि शिव्या शिंप्याला बसतात. लोखंडी मीटर खणखणतो, कात्रीचा एक घाव आणि पुढे नुसतं ‘चर्रर्र’.

छापील कापडाच्या गल्लीत गर्दी दाटते. गर्द निळं, विटकरी लाल, काळं. सगळ्यालाच इथे ‘अजरख’ म्हणतात. काहींचा भाव दुसऱ्यांच्या तिप्पट. कच्छच्या अजरखपुरात हे कापड लाकडी ठशांनी, पुन्हा पुन्हा धुऊन, रंगवून तयार होतं. स्वस्त माल स्क्रीनवर छापलेला. फरक उलट्या बाजूला सापडतो. ठशाचा रंग मागपर्यंत उतरलेला असतो आणि एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे केसभर चूक दिसते. स्क्रीनची नक्षी काटेकोर असते. स्क्रीनचं घेण्यात वावगं काही नाही. ठशाच्या भावाने घेऊ नये, इतकंच.

एक आजीबाई बाटलीतलं पाणी रुमालाला लावतात आणि लाल कापडाच्या कोपऱ्यावर घासतात. रुमाल गुलाबी होतो. ‘माजी, पहिल्या धुण्यात थोडा जाणारच.’ ‘मग दुसऱ्यांच्या कपड्यांवर जाऊ दे का?’ आजी पुढे निघतात.

मायलेकी पुन्हा दिसतात. लेक मोहरी रंगाच्या ताग्यापाशी खिळलेली. आई मोबाइल पुढे करते. सकाळी निघताना तिने कपाटाचा फोटो काढलाय. त्यात मोहरी रंगाचे तीन कुर्ते. लेक हसते, तागा सोडते. मग राखाडी निळ्या मंगलगिरी सुती कापडाचं टोक धरून दोघी गल्लीच्या तोंडाशी, उन्हात जातात. ट्यूबलाइटखाली राखाडी निळा वाटलेला रंग बाहेर चक्क हिरवट निघतो. तरी आवडतो. पिशवीतल्या पांढऱ्या सलवारीवर जातो, घरातल्या काळ्या पँटवरही जाईल. अडीच मीटर फाडलं जातं.

आधीची मलमल आणि ही मंगलगिरी, त्या दिवसाची खरेदी एवढीच. चार कुर्त्यांच्या जागी दोन कापडं, आणि त्यांत मलमलीला लागणारं अस्तर धरलेलं. शिलाई कापडाइतकीच पडते, कधी जास्त. तिचे पैसे आईने वेगळे काढून ठेवलेत.

तुम्ही जाणार असाल तर शक्यतो फेब्रुवारीत जा. एप्रिलमध्ये लग्नसराईमुळे शिंपी पंधरा दिवसांखाली तारीख देत नाहीत आणि कुर्ता हातात येईपर्यंत उन्हाळा बराच सरलेला असतो. अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता मापाला बरोबर घ्या. आणि रविवारी जाऊ नका, मार्केट बंद असतं.